एक नळी, चार चाकं

मळ्यातल्या गोठ्याला लागून आमची एक पत्र्याची शेड आहे. तिच्यात हिरव्या रंगाची एक पिकअप गाडी पस्तीस वर्षं उभी होती. १९५१ सालची शेवरोलेट. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, १९२८ मध्ये सुरू झालेला आणि १९५४ मध्ये बंद पडलेला. अमेरिकेतून सुट्या भागांच्या पेट्या बोटीनं यायच्या आणि शिवडीत त्यांची गाडी व्हायची. आमची गाडी तिथलीच. अण्णांनी ती १९५८ मध्ये कोल्हापुरातल्या एका व्यापाऱ्याकडून जुनी म्हणून घेतली. कागदावर ती अर्ध्या टनाची होती. आमच्या हिशेबात दीड टनाची. गुळाचे रवे, शेंगांची पोती, पेंड, खत आणि लग्नसराईत माणसं, सगळं तिच्यातच.

माझ्या भाच्यानं २०१९ मध्ये ती बाहेर काढली. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायची म्हणाला. इंजिन उतरवलं, पत्रा ठोकला, हिरव्या रंगाची जुनी छटा शोधायला आठ दिवस घातले. मला कौतुकच वाटलं. ब्रेकची गोष्ट निघाली तेव्हा मात्र आमची जुंपली.

"आत्या, मेळाव्यात गाडी मूळ रूपात पाहिजे. प्रत्येक बदलाला मार्क कापतात. ब्रेक आहेत तेच नीट करून घेऊ."

मी म्हटलं, "रंग मूळचा ठेव, दिवे मूळचे ठेव, हॉर्न ठेव. ब्रेक ठेवायचे नाहीत."

"तू त्या घाटाचं अजून धरून बसलीयेस."

धरून बसले आहे, हे खरं आहे. पण त्या दिवसानंतर कधीतरी मी या ब्रेकांचा इतिहास वाचायला घेतला आणि तो वाचल्यावर माझं मत नुसतं भीतीचं राहिलं नाही. ते कसं, हे सांगण्यासाठी आधी घाट सांगायला हवा.

निपाणीहून बेळगावकडे जाताना स्तवनिधीचा घाट लागतो. आम्हा जैनांना ते नाव तीर्थाचं, ट्रकवाल्यांना उताराचं. संकेश्वरकडून परत येताना निपाणीच्या बाजूला तो उतरतो. फार उंच नाही, सह्याद्रीतल्या घाटांपुढं तर काहीच नाही. म्हणूनच माणूस तिथं गाफील राहतो. १९६९ चा हिवाळा होता, मी अकरा वर्षांची. संकेश्वरातून पेंड आणि खताची पोती भरून आम्ही घरी निघालो होतो. पुढं ड्रायव्हरमामा, मधे मी, खिडकीशी अण्णा. मागं पोत्यांवर आमचा क्लीनर बसलेला, सोळा वर्षांचा पोरगा. मी त्याला दादा म्हणायची. घाई होती ती जेवणाची. दिवस लहान, आणि आमच्या घरी दिवस मावळल्यावर ताट वाढलं जात नाही. अण्णा दोनदा म्हणाले, "जरा हाण की."

दुसऱ्या वळणाच्या अलीकडं मामांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय तळाला गेला. तो आवाज मला अजून आठवतो. पेडल पत्र्यावर आपटल्याचा. त्यांनी तीन-चारदा भराभर पंप मारला. काही नाही. हँडब्रेक ओढला, मागून जळका वास आला, गाडी थांबली नाही. मग त्यांनी गिअर पाडला, दात कडकडले, इंजिन किंचाळलं आणि त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासायला घातली. वेग मेला. पण पूर्ण थांबेना, हळूहळू सरकतच होती. मागून दादानं लाकडी ठोकळा घेऊन उडी मारली. चाकाखाली ठोकळा घालणं हे क्लीनरचं कामच. ठोकळा बसला, गाडीही थांबली. पण दादाचा डावा पाय मधे होता.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दोष कुणाचा? पुढच्या चाकाकडं जाणारी रबरी नळी फुटली होती. पंधरा दिवस आधी मिस्त्रींनी अण्णांना ती दाखवली होती: "अण्णा, नळी फुगलीया." अण्णा म्हणाले होते, "हंगाम होऊ दे." म्हणजे दोष आमच्या घरचा, आणि दीड टनाच्या हिशेबाचाही. अण्णांनी तो कधी नाकारला नाही. दादाला पेठेतल्या आमच्या गाळ्यात दुकान घालून दिलं आणि मरेपर्यंत त्या दुकानावरून जाताना ते मान वर करत नसत.

मला मात्र पुढं कितीतरी वर्षं एक साधा प्रश्न पडायचा. फुटली एका चाकाची नळी. मग बाकीच्या तीन चाकांचे ब्रेक कुठं गेले?

याचं उत्तर शोधताना पहिल्यांदा भेटली ती एक बाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याची तीन चाकी मोटार घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. मोटारीतला जगातला पहिला लांबचा प्रवास तो हाच, असं म्हणतात. वाटेत उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिनं चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना तिची, असं सांगितलं जातं. आमच्या आजीनं चामडं ऐकून नाक मुरडलं असतं, पण माहेरच्या वाटेवर ब्रेक दुरुस्त करणारी बाई तिला आवडली असती.

त्यानंतर तीसेक वर्षं ब्रेक म्हणजे सळ्या, तारा आणि तरफा. पेडल दाबलं की सळई ओढली जायची. चारही सळ्यांचा ताण सारखा ठेवणं हे रोजचं दुखणं; एक जरा घट्ट झाली की गाडी तिकडं ओढायची. म्हणून कित्येक गाड्यांना पुढच्या चाकांना ब्रेकच नसत, नुसते मागं.

तेलाचा ब्रेक आला तो या दुखण्यावरचं औषध म्हणून. तत्त्व पास्कलचं, शाळेत शिकलेलं: कोंडलेल्या द्रवाला एका जागी दाबलं की दाब सगळीकडं सारखा पोचतो. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसानं ते ब्रेकला लावलं. (विमानांचे लॉकहीड ते हेच घराणं, लोक आडनाव वाचताना चुकायचे म्हणून भावांनी स्पेलिंग बदलून घेतलं होतं.) १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले. सुरुवातीला सिलिंडरातल्या वाट्या कातड्याच्या होत्या, त्या गळायच्या. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी रबरी वाट्या बसवल्या आणि १९२४ मध्ये सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या गाडीत हे ब्रेक दिले. शेवरोलेटनं ते १९३६ मध्ये घेतले.

फोर्ड मात्र १९३९ पर्यंत अडून बसला. पेडलपासून चाकापर्यंत पोलाद पाहिजे, तेलावर कसा विश्वास ठेवायचा, असं म्हणणं. इतिहासाच्या पुस्तकांत हेन्री फोर्डच्या या हट्टाला हसतात. मी हसत नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता. सळई तुटली तर एक चाक जातं. तेल मात्र एकाच भांड्यातून, एकाच दट्ट्यानं, एकाच नळीतून निघतं आणि पुढं चार चाकांना वाटलं जातं. कुठंही भोक पडलं की पाय ते तेल त्या भोकातूनच बाहेर ढकलणार; दाब कुठंच तयार होणार नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. बाकीच्या तीन चाकांचे ब्रेक त्या एका नळीच्या भोकातून रस्त्यावर सांडले होते.

बरं, हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. हडसन कंपनीनं १९३६ मध्येच आपल्या गाडीत तेलाच्या ब्रेकबरोबर तारेचा ब्रेकही ठेवला होता. तेल गेलं आणि पेडल जास्त खाली आलं, की तेच पेडल तार ओढून मागची चाकं धरायचं. म्हणजे फोर्डच्या शंकेला उत्तर तयार होतं, तेही शेवरोलेटनं तेल घेतलं त्याच वर्षी. पण बाजारानं ते उत्तर उचललं नाही.

एकाच सिलिंडरात मागंपुढं दोन दट्टे, दोन वेगळी तेलाची भांडी, दोन वेगळ्या नळ्या, असा जोड मास्टर सिलिंडर अमेरिकेत कॅडिलॅक आणि रँबलर या गाड्यांत आला तो १९६२ मध्ये. एक बाजू फुटली तरी दुसरी धरते. पुढं १९६५ च्या अखेरीस राल्फ नेडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक आलं, गदारोळ झाला, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये तिथं वाहनसुरक्षेचा कायदा झाला. १९६७ सालच्या शेवरोलेट पिकअपमध्ये जोड सिलिंडर आला. १९७१ मध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही आले.

या तारखा मी वहीत एकाखाली एक लिहिल्या आणि शेवटी स्तवनिधी, १९६९ असं लिहिलं. दादाचा पाय गेला तेव्हा त्यावरचा उपाय जगात सात वर्षं बाजारात होता, आणि दोन वर्षं आमच्याच गाडीच्या नव्या भावंडांत होता. पण कायदा झाला तो नव्या गाडीसाठी. कारखान्यातून बाहेर पडलेल्या जुन्या गाड्यांचं काय, हे त्यात कुठं आहे? त्या ज्याच्या त्याच्या दारात राहिल्या. अमेरिकेत जुन्या पिकअप हौसेनं वापरणाऱ्यांनी हळूहळू स्वतःच त्यांचे ब्रेक बदलून घेतले. आज तिथं या कामाचं तयार सामान पेटीत मिळतं. आमच्याकडं गाडी पोचली, पण तिच्यामागून निघालेली सुधारणा पोचलीच नाही.

भाच्याला मी ती वही दाखवली. तो वाचत बसला, मग म्हणाला, "मिस्त्रींना विचारू काय काय लागेल ते." मार्कांचं पुन्हा बोलला नाही.

आमचे आताचे मिस्त्री म्हणजे नळी फुगलीया म्हणणाऱ्या मिस्त्रींचा मुलगा. सत्तरीला आलेत. त्यांनी चाकं उघडली आणि भाच्याला आधी तोंडाला फडकं बांधायला लावलं. पूर्वीच्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ड्रममधली धूळ तोंडानं फुंकून काढायची ही गॅरेजची रीतच होती. त्यांचे वडील खोकून खोकून गेले. कशानं, ते कुणी तपासलं नाही.

१९५१ या सालाचा आम्हाला एक फायदा झाला. त्याच वर्षी शेवरोलेट पिकअपचे ब्रेक बदलून बेंडिक्स पद्धतीचे झाले. यात फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, तो शू मागच्या शूला रेटतो, आणि पायाच्या जोरात चाकाचाच जोर मिसळतो. म्हणून मागचे ब्रेक मूळचेच ठेवले. ड्रम लेथवर मारून घेतले, व्हील सिलिंडर आणि लायनिंग नवं टाकलं.

पुढं मात्र डिस्क घातल्या. त्याचं कारण घाट. अडीच टनांची गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा सात लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता कुठंतरी जायला हवी. काही इंजिन खातं, बाकीची ब्रेकांत जाते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली येतं आणि लायनिंग गुळगुळीत झाल्यासारखं धरतच नाही. डिस्क उघड्या वाऱ्यात असते, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनंच फुगते. पावसात भिजली तर फिरता फिरता पुसली जाते. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडात लँचेस्टरनं १९०२ मध्येच घेतलं होतं, पण लोकांचं लक्ष गेलं १९५३ मध्ये, जेव्हा जॅग्वार गाडीनं ती लावून ल मांची चोवीस तासांची शर्यत मारली.

भाच्यानं अमेरिकेतून पेटी मागवली. ती आली आणि पहिलीच अडचण. त्यातलं मास्टर सिलिंडरचं ब्रॅकेट डाव्या बाजूचं. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडं. शिवडीची गाडी उजव्या हाताची. शेवटी बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून उजव्या बाजूचं ब्रॅकेट करून आणलं.

दुसरी गोष्ट मला मिस्त्रींनी समजावली आणि ती फार आवडली. या गाडीत मास्टर सिलिंडर पायाखाली, चासीला असतो. चाकांवरच्या ब्रेकांपेक्षा खालच्या पातळीवर. त्यामुळं पाय काढला की तेल हळूहळू सिलिंडरकडं परत उतरतं आणि पुढच्या वेळी पेडल दोन-तीनदा मारावं लागतं. म्हणून प्रत्येक नळीत एक छोटा व्हॉल्व्ह घालतात, तो थोडासा दाब अडवून धरतो. डिस्कच्या नळीत दोन पौंडांचा, ड्रमच्या नळीत दहाचा. अदलाबदल झाली तर डिस्क कायम घासत राहते आणि तापते. मिस्त्रींनी एकावर दोऱ्याची एक गाठ बांधली, दुसऱ्यावर दोन. "वाचता येतंय हो अक्का मला," मला हसताना बघून म्हणाले, "पण गाडीखाली अंधारात गाठच कळती."

मागच्या नळीत आणखी एक व्हॉल्व्ह बसवला, दाब कमी-जास्त करण्याचा. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि रिकामी पिकअप असेल तर मागून घसरते. तो व्हॉल्व्ह नेमका कुठं ठेवायचा ते मळ्याच्या रस्त्यावर पंधरा वेळा ब्रेक मारून ठरवलं. बूस्टर बसवायचा की नाही यावरही बोलणं झालं. मिस्त्रींनी छोटा बसवला, कारण डिस्कला ड्रमसारखी चाकाची मदत मिळत नाही, पायालाच जोर लावावा लागतो. लोखंडी नळ्या सगळ्या नव्या. रबरी नळ्या नव्या. जुनी एक मी मागून घेतली, माझ्या टेबलावर आहे.

उरलं एअर काढणं. नळ्यांत हवा राहिली तर ब्रेक स्पंजासारखा लागतो, कारण हवा दबते, तेल दबत नाही. एकानं गाडीत बसून पेडल दाबायचं, एकानं खाली चाकाशी निपल ढिलं करून हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे, आणि तो घट्ट करेपर्यंत वरच्यानं पाय सोडायचा नाही. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून. भाच्यानं अमेरिकन पुस्तकात बघून सांगितलं, मागचं उजवं. मिस्त्री गाडीखालूनच म्हणाले, "तुझं पुस्तक डाव्या हाताचं. आपलं मागचं डावं."

त्या दिवशी सकाळी दादा आला होता. त्याला मी बोलावलं नव्हतं, भाच्यानं बोलावलं होतं. मला सांगितलंसुद्धा नव्हतं. दुकान आता त्याचा मुलगा बघतो. कुबडी दाराला टेकवून तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, मागच्या फळीवर हात फिरवला. भाचा पेडलवर बसायला निघाला तेव्हा दादा म्हणाला, "मी बसू काय? उजवा पाय हाय की माझा."

कुणीच काही बोललं नाही. भाच्यानं त्याला हात देऊन चढवलं.

मग तासभर ते चाललं. खालून मिस्त्रींचा आवाज: "दाब. धर. सोड." वरून दादा: "दाबलंय. धरलंय." मी बाटलीतलं ब्रेक ऑइल कमी होईल तसं भांड्यांत ओतत होते, एकदा पुढच्या, एकदा मागच्या. चौथं चाक झाल्यावर दादानं पेडलवर पाय दाबून धरला आणि बराच वेळ तसाच बसला.

"कडक लागतंय ताई," म्हणाला. "पण तेव्हाबी कडकच लागायचं. फुटोस्तोवर."

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. हात पुसले. त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग फोडून दावतो." पुन्हा खाली गेले आणि मागच्या नळीचं नट त्यांनी पूर्ण सोडलं. "आता दाब."

दादानं दाबलं. तेलाची चिळकांडी मातीत उडाली. पेडल खाली जाताना मला दिसत होतं. माझ्या हातातली बाटली मी घट्ट धरली होती. पेडल गेलं, गेलं आणि अर्ध्याच्या जरा खाली थांबलं. भाच्यानं आणि मी पुढचं जॅकवर उचललेलं चाक दोघांनी मिळून फिरवून बघितलं. हललं नाही.

"थांबलं," दादा म्हणाला.

"थांबणारच," मिस्त्री खालून म्हणाले.

"सोडू?"

"नको. जरा धर तसंच."

मग त्यांनी नट आवळलं, मातीवर सांडलेल्या तेलावर राख टाकायला भाच्याला सांगितलं, आणि मागच्या डाव्या चाकापासून पुन्हा एअर काढायला घेतली.